कासवाच्या पिल्लानं टाकीतले खडे गिळलेत – आधी काय बघायचं, घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं सांगते. तुम्ही हे वाचताय म्हणजे पिल्लू बहुतेक आत्ता तुमच्यासमोरच आहे, तेव्हा बाकीचं नंतर.

– शीमध्ये खडा दिसतो, किंवा टाकीच्या तळाशी शीच्या तुकड्यात अडकलेला रंगीत खडा सापडतो.
– खातंय, पण दोन-तीन दिवस शीच नाही.
– परवापर्यंत पेलेटचा, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांचा, डबा वाजला की धावत यायचं, आता तोंड फिरवतं, किंवा तोंडात घेऊन सोडून देतं.
– मागचे पाय ताणून, शेपूट उचलून जोर लावतं आणि बाहेर काहीच येत नाही.
– मागच्या पायांजवळची कातडी फुगलीय, पाय नीट आत ओढून घेता येत नाहीत.
– मागची बाजू वर तरंगते, बुडी मारता येत नाही.
– खाल्लेलं उलटून टाकतं.
– शेपटीखालून लालसर मांस बाहेर आलंय.

पहिलं लक्षण एकटंच असेल, म्हणजे शीत खडे येतायत पण पिल्लू खातंय, पोहतंय, दगडावर चढून ऊन खातंय, तर घाबरू नका, खडे बाहेर पडतायत ही चांगलीच गोष्ट आहे. शेवटची तीन लक्षणं, त्यातलं एक जरी असेल, तर घरगुती काही करत बसू नका, आजच डॉक्टर. मधली जी आहेत त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहितेय.

मी बोलतेय ते रेड इअर्ड स्लायडरबद्दल, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू, जे आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात दहाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं असताना विकतात. माझ्याकडे अकरा वर्षं स्लायडर आहेत आणि ओळखीतून, सोसायटीतून, भावाच्या ऑफिसातून खडे गिळलेली पिल्लं येत राहतात, मोजली नाहीत पण वीसच्या वर झाली असतील. तुमच्याकडचं पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव असेल, किंवा नदीतनं-विहिरीतनं आणलेलं देशी कासव असेल, तर ते घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, ते वनविभागाकडेच गेलं पाहिजे, १९२६ ही त्यांची हेल्पलाइन आहे.

खडे का गिळतं ते थोडक्यात. पिल्लाला दात नसतात, चोच असते, आणि ते खातं पाण्यात. पेलेट बुडून खड्यांच्या फटीत गेला की पिल्लू मान खुपसून चावा मारतं, तेव्हा पाण्याबरोबर बाजूचा बारीक खडाही आत जातो. शिवाय दुकानात जो लाल-नारिंगी-निळा ग्रॅव्हल मिळतो तो नेमका पेलेटच्याच मापाचा असतो. वाढत्या वयात कॅल्शियम कमी पडलं तरी काही पिल्लं खडे चघळायला लागतात. त्यामुळे पिल्लू वेडं नाहीये, टाकीच चुकीची मांडलीय, आणि ती तुम्ही नाही, दुकानदारानं तशी मांडून दिलीय.

पहिलं काम, फुकटातलं: पिल्लू खड्यांपासून वेगळं करा

आत्ता, उद्या नाही. मी श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा पांढरा डबा वापरते, थोड्या मोठ्या पिल्लाला पांढरा टब. तळाशी काहीही टाकायचं नाही. चढून बसायला एक उलटी वाटी किंवा पिल्लाच्या डोक्यापेक्षा कितीतरी मोठा गुळगुळीत दगड, बस. पाणी पिल्लाच्या कवचाच्या उंचीच्या दीडपट-दुप्पट, जास्त नको, कारण कासव पाण्यात राहतं म्हणून बुडत नाही असं नाही, अशक्त पिल्लू बुडून मरतं.

हे पहिलं का, तर दोन कारणं. एक म्हणजे आणखी खडे आत जाणं थांबतं, लोक महिनाभर उपचार करतात आणि पिल्लू त्याच ग्रॅव्हलवर. दुसरं, पांढऱ्या तळावर तुम्हाला शी दिसते आणि मोजता येते. खडा बाहेर पडला की रात्री शांततेत डब्याच्या तळावर अगदी बारीक टिक असा आवाज येतो, मी झोपेतून उठून टॉर्च घेऊन बघितलंय, शीच्या मऊ आवरणात गुंडाळलेला गुलाबी खडा, साबुदाण्याएवढा. प्रत्येक खडा चिमट्यानं काढून कागदावर ठेवा, तारीख लिहा. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तो कागद फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण खड्याचं खरं माप समोर असतं.

रोज पाणी बदला, कारण फिल्टर नाहीये. आणि डबा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हात साबणानं धुवायचे, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला लांबच ठेवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, त्यापायीच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला म्हणून विकायला बंदी आहे.

दुसरं, शंभर-दीडशे रुपयांचं: थर्मामीटर

इथेच निम्म्याहून जास्त केसेस सुटतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. कासवाला आपल्यासारखी स्वतःची उष्णता नसते, त्याच्या पोटाचा वेग पाण्याच्या आणि उन्हाच्या तापमानावर चालतो. पाणी गार पडलं की आतडी मंदावतात, अन्न पुढे सरकत नाही, आणि जो खडा एरवी आठवड्यात बाहेर पडला असता तो तिथेच बसून राहतो, त्याच्यामागं दुसरा, मग तिसरा. म्हणजे खडा हे अर्धंच कारण, दुसरं अर्धं गार पाणी.

पिल्लाला पाणी २६ ते २८ अंश लागतं आणि ऊन खायच्या जागी ३२ ते ३४. पुण्यात डिसेंबरमध्ये माझ्या खिडकीजवळच्या टाकीत हीटरशिवाय सकाळी १९ दिसलंय. एकोणीसला पिल्लू खातच नाही, आणि घरातले म्हणतात हिवाळा आहे, झोपलंय. नाशिक, महाबळेश्वर, विदर्भातल्या थंडीत तर आणखी खाली. मुंबई-कोकणात हिवाळा सौम्य पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नाही, तेव्हा तीच गत होते, त्यामुळे आमच्याकडे थंडीच नसते असं म्हणून थर्मामीटर टाळू नका. हात बुडवून अंदाज घेणं तर अजिबात नको, आपल्या हाताला २२ चं पाणी उन्हाळ्यात छान वाटतं.

तापमान कमी निघालं तर हीटर. तीस-चाळीस लिटरच्या टाकीला ५० वॅटचा पुरतो, त्याला जाळीचं कव्हर हवंच, पिल्लू हीटरला चिकटून भाजतं. पाणी काढायच्या आधी प्लग काढा, काच गरम असताना उघडी पडली की तडकते. एकदम सहा-सात अंश वाढवू नका, दिवसभरात हळूहळू चढवा. वेगळ्या डब्यात हीटर बसत नाही, तेव्हा मी डबा मोठ्या टाकीच्या गरम पाण्यात अर्धा बुडवून, विटेवर टेकवून ठेवते, ते सोपं पडतं. दगडावर बल्ब किंवा रोज वीस-तीस मिनिटं खरं ऊन, सावलीचा कोपरा ठेवून आणि तुम्ही तिथे बसून, कारण कावळा आणि मांजर दोघंही टपलेली असतात. बंद काचेच्या खिडकीतनं येणारं ऊन मोजू नका, त्यातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण काचेतच अडतात आणि यूव्हीबीशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.

तापमान नीट करून दोन दिवस थांबा. मी बघितलेल्या बऱ्याच पिल्लांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शी केली आणि त्यात खडे आले.

तिसरं: कोमट पाण्यात बसवणं

हे तापमानासोबतच सुरू करा. वेगळ्या भांड्यात २८ ते ३० अंशांचं पाणी, पिल्लू उभं राहिलं की हनुवटीपर्यंत, वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. पाणी गार होत जातं म्हणून मधे थोडं कोमट घालायचं, पिल्लाच्या अंगावर नाही, कडेनं. ह्यानं पाणी पोटात जातं, कोरडं पडलेलं आतडं ओलं होतं आणि कोमट पाण्यात कासवं बहुतेक वेळा शी करतात, कासव पाळणाऱ्या प्रत्येकानं हे टब धुतल्या धुतल्या अनुभवलंय. पाण्यात काहीही मिसळायचं नाही, मीठ नाही, हळद नाही.

ह्या दिवसांत खायला काय द्यायचं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. खात असेल तर अर्धंच द्या, पेलेट आधी दहा मिनिटं भिजवून मऊ करून, सोबत टाकीत वाढणारी हायड्रिला किंवा डकवीड ह्या पाणवनस्पती, तंतूमुळे मदत होते. सुकवलेली कोळंबी बंद, ती कडक असते आणि एकटी पुरेशीही नसते. खात नसेल तर कोंबू नका. पुढचा रस्ता बंद असताना मागनं गाडी ढकलून काय होणार, घाट आणखी तुंबणार.

चौथं: वजन

सोनाराचा असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन तीन-चारशेला मिळतो, ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या, कारण पिल्लाचंच वजन सुरुवातीला जेमतेम पाच ते दहा ग्रॅम असतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर काही कळत नाही. अंग टिपून रोज एकाच वेळी वजन करा. आठ ग्रॅमचं पिल्लू आठवड्यात सात ग्रॅमवर आलं तर ते आपल्याकडच्या माणसानं आठ किलो गमावण्यासारखं आहे, डोळ्यांना मात्र पिल्लू तसंच दिसतं, कवच काही बारीक होत नाही. उलट खात नसताना वजन वाढत असेल, पाय फुगलेले असतील, तर अंगात पाणी साचतंय, तेही डॉक्टरचंच काम.

इथे एक गोष्ट तपासून घ्या, खरंच खडेच आहेत ना. पिल्लू एका बाजूला कलून पोहतंय, नाकातनं बुडबुडे येतायत, मान लांब करून तोंड उघडतंय, तर तो बहुतेक न्यूमोनिया आहे, पोट नाही. डोळे सुजून बंद झालेत आणि म्हणून खात नाही, तर त्यामागं अ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा घाणेरडं पाणी असतं. दोन्हीत कोमट पाण्यात बसवून वेळ घालवला तर पिल्लू हातचं जातं. पोटात खडे आणि छातीत कफ दोन्ही एकत्रही असतं, कारण मूळ कारण एकच, गार पाणी.

घरी जे करायचं नाही

एरंडेल, पॅराफिन, खोबरेल, तूप, कसलंच तेल ड्रॉपरनं तोंडात घालू नका. हे मी कळकळीनं सांगतेय. पिल्लाची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, तेल सरळ फुप्फुसात जातं. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी नातवाच्या कासवाला मायेनंच एरंडेलाचे दोन थेंब दिले होते, घरातल्या प्रत्येक बाळाला दिलेत त्यांनी, त्यांचं काय चुकलं. माझ्याकडे आणलं तेव्हा नाकाशी तेलकट फेस होता आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. एक्स-रेत पोटात दोनच खडे होते, ते आपसूक पडले असते.

पोट दाबून, मागच्या पायाजवळ बोट घालून खडा चाचपू नका, डॉक्टर तिथे हात लावून बघतात पण ते शिकलेले हात आहेत. शेपटीखालून काही आत घालू नका. आणि तिथून मांस बाहेर आलं असेल तर ते ढकलू नका, ओढू नका. स्वच्छ पाण्यानं ओलं ठेवा, टाकीत दुसरं कासव असेल तर लगेच वेगळं करा कारण ते त्याला चावतं, ओल्या मऊ कापडावर डब्यात ठेवून तासाभरात निघा. मोठ्या नरांमध्ये जांभळट-काळं इंद्रिय थोडा वेळ बाहेर येऊन आपोआप आत जातं, त्याला घाबरून लोक धावतात, पण पिल्लात बाहेर आलेलं मांस म्हणजे आतडं किंवा मलमार्गच समजा.

माणसांची जुलाबाची गोळी, कुत्र्याचं जंताचं औषध, काहीही नाही. आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणं आहे. हे लक्षात ठेवा, कारण प्राण्यांच्या औषधात ते सर्रास असतं.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

तापमान बरोबर, कोमट पाणी चालू, आणि तरी तीन-चार दिवसांत शी नाही किंवा खाणं नाही, तर थांबायचं. वजन दहा टक्के उतरलं, थांबायचं. तुम्ही स्वतः पिल्लाला त्याच्या डोळ्यापेक्षा मोठा खडा गिळताना बघितलंय, तर लक्षणं नसली तरी एक्स-रे काढून घ्या. धारदार काच, टोकदार तुकडे, धातूचं काही गिळलं असेल तर एक तासही वाट बघायची नाही. तरंगणं, उलटी, बाहेर आलेलं मांस ह्याचं वर लिहिलंच आहे.

माझं पहिलं पिल्लू, चिंगी, खाणं सोडल्यावर मी अकरा दिवस घरी ठेवली होती. दुकानदार म्हणाला होता थंडीत खात नाहीत. बाराव्या दिवशी एक्स-रे काढला, कवचाच्या राखाडी सावलीत चौदा पांढरे ठिपके, एकाला एक लागून, माळेसारखे. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाकडे धरली आणि काही वेळ बोललेच नाहीत. चिंगी त्याच रात्री गेली. चार दिवसांची मर्यादा मी तेव्हापासून पाळते, कोणी काहीही म्हणो.

एक्स-रेचा फायदा हाच की खडे स्पष्ट पांढरे दिसतात, किती आहेत, कुठे आहेत, किती मोठे आहेत सगळं कळतं आणि आठवड्यानं परत काढला तर सरकले का ते दिसतं. पिल्लू घेतलं त्याच्या कितीतरी पट खर्च येतो हे मान्य, पण तीनशे रुपयांचं पिल्लू म्हणून सोडून देऊ नका, हा जीव नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो.

डॉक्टर कोणता, तर कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर कासवाचाही असेलच असं नाही. फोनवर सरळ विचारा, तुम्ही कासवं बघता का, एवढ्या लहान पिल्लाचा एक्स-रे काढता का. जवळ कोणी नसेल तर परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे फोन करून कासव बघतील का आणि कोणत्या वेळेला ते विचारून जा. नेताना पाण्यात नेऊ नका, हिंदकळून पिल्लू बुडतं, भोकं पाडलेल्या डब्यात ओला नॅपकिन आणि डब्याला बाहेरून टॉवेल, म्हणजे ऊब राहते. खड्यांचा कागद, वजनाची वही आणि टाकीतला एक मूठ ग्रॅव्हल सोबत घ्या.

तिथे काय होतं तेही सांगून ठेवते, म्हणजे ऐकून दचकणार नाही. आधी बहुतेक कातडीखाली सलाइन, मग गरजेनुसार नळीनं पोटात वंगण किंवा एनिमा, जे तुम्ही घरी करायचं नाही तेच, पण नळी बरोबर जागी घालून. एवढ्यानं बरीच पिल्लं मोकळी होतात. नाहीच झाली तर ऑपरेशन, मागच्या पायापुढच्या मऊ जागेतून, किंवा पोटाकडचं कवच चौकोनी कापून आणि नंतर तोच तुकडा इपॉक्सीनं बसवून. मोठ्या कासवात हे करतात आणि कवच भरूनही येतं, पण दहा ग्रॅमच्या पिल्लाला भूल देणंच फार जोखमीचं, त्यामुळे डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांच्यावर चिडू नका. लवकर जा एवढंच आपल्या हातात असतं.

पिल्लू बरं झाल्यावर

शेवटचा खडा पडल्यावरही दोन आठवडे पांढऱ्या डब्यातच ठेवा. माझ्याकडच्या एका पिल्लानं सगळं सुरळीत झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी आणखी एक खडा टाकला होता. टाकीतला ग्रॅव्हल पूर्ण काढा, फिल्टरखाली अडकलेलाही. तळ उघडाच छान, साफ करायलाही सोपा. अगदीच ओकाबोका वाटत असेल तर कुंभाराकडचं खापर किंवा नदीचे गुळगुळीत गोटे ठेवा, माप एकच, पिल्लाच्या डोक्यापेक्षा मोठे. डोकं वाढतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी गोटे डोक्याशेजारी धरून बघा. मादी तर दहा-बारा इंचांपर्यंत जाते.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तोच. त्याची मागची कडक पाठ सुरीनं खरवडून टाका आणि मऊ पांढऱ्या भागाचा नखाएवढा तुकडा पाण्यात सोडा, तरंगतो, पिल्लू हवं तेव्हा कुरतडतं. पेलेट रोज त्याच्या डोक्याएवढेच, आणि खायला घालताना पाच मिनिटं समोर बसा, उरलेले गाळणीनं काढून घ्या. पालक देऊ नका, तो कॅल्शियम अडवतो.

आणि हे सगळं झेपत नसेल, तर पिल्लू नदीत किंवा तळ्यात सोडू नका. स्लायडर मूळचं अमेरिकेतलं, इथल्या पाण्यात जगलं तर आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. ज्याला खरंच सांभाळायचंय अशा माणसाला द्या, आणि देताना टाकीसोबत ग्रॅव्हलची पिशवी देऊ नका.